आधी मोजा, मग फिरवा

आपल्या नियतकालिकाच्या मराठी विभागात मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला जाणीव आहे. कविता, प्रवासवर्णने आणि प्राध्यापकांचे वैचारिक लेख यांच्या पंक्तीला टर्बोचार्जर बसवणे म्हणजे ग्रीसने माखलेल्या कपड्यांनी लग्नाच्या पंगतीत शिरण्यासारखे आहे. पण हा विषय वरवर यंत्राचा असला तरी त्यात एका घरचे पैसे गेले आणि ते माझ्या सल्ल्याने गेले. तेव्हा कबुलीजबाब म्हणून तरी लेख वाचावा, एवढीच विनंती.

हकीकत अशी. माझा आत्तेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, पुण्याला नोकरीस आहे. आत्याचे घर मात्र आमच्याच उणकलमध्ये, तलावापासून पाच मिनिटांच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी दादाने टर्बोवाली एक जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली. बुटकी, दणकट आणि स्पोर्ट्‌स म्हणून मिरवणारी. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दिवाळीला गाडी घेऊन तो घरी आला आणि तलावाच्या काठी गिरमिट-मिरची खाता खाता मला म्हणाला, "अरे, तू मेकॅनिकलचा ना? हिची ताकद वाढवून घ्यायची आहे. तीन-चार पद्धती आहेत म्हणतात. कोणती घेऊ, सांग."

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जगातले सर्व काही येत असते. मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "दादा, तयार मॅप भरून घे. स्वस्त पडतो. सगळे तेच करतात." दादाने माझ्यावर विश्वास ठेवला. एका मोठ्या शहरातल्या दुकानात अर्ध्या तासात फाइल भरून झाली. त्यानंतरचे सहा महिने आम्ही दोघेही हवेत होतो.

मे महिन्यात आम्ही चौघे अंकोल्याहून परत येत होतो. दुपारची वेळ, वातानुकूलन चालू आणि समोर अरबैल घाट. चढावर गाडीने कुरकुर केली. खडे हलवावेत तसा आवाज आला. दादाने रेडिओ मोठा केला. यल्लापूर येण्याआधीच मागे निळा धूर दिसू लागला आणि गाडी तीन सिलिंडरांवर धापा टाकू लागली. हुबळीला इंजिन उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनमध्ये दोन रिंगांच्या मधली कड तुटलेली निघाली. खर्च एक लाख ऐंशी हजार. आत्याच्या घराची कौले उतरवून छप्पर नव्याने बांधायला काढून ठेवलेले पैसे त्यात गेले. त्या पावसाळ्यात आत्याने माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या पावसाळ्यात मी हा विषय खरोखर वाचला आणि ज्यांना तो येतो त्यांना विचारला. त्यातून माझे जे मत झाले ते येथे मांडतो.

प्रथम मूळ गोष्ट. इंजिनाची ताकद इंधनात असते असे आपण समजतो, पण खरी अडचण हवेची असते. इंधन हवे तेवढे ओतता येते. ते जाळायला हवा हवी. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर चक्र फिरवून त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत हवा कोंबायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी मांडली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. तोच टर्बोचार्जर. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना नळी गरम लागते ती याचमुळे. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच जागोजागी आपोआप पेटते आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. यालाच नॉकिंग म्हणतात. अरबैल घाटात खड्यांचा आवाज आला तो हाच. टर्बो इंजिनाच्या ट्यूनिंगची सारी विद्या या एका शत्रूला अंतरावर ठेवण्याची विद्या आहे.

हा शत्रू नवा नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्‌समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीला आली. तिचे कॉम्प्रेशन मोठे, म्हणून नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. त्या मिश्रणाची टाकी मालकाने भरत राहावी अशी अपेक्षा होती. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की संरक्षक झडप ताकद कमी करी आणि मालक गाडीलाच नावे ठेवीत. ती गाडी दोनच वर्षे निघाली. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंग 'ऐकून' टर्बोचा दाब आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक योजना आणली. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत असा कान असतो. इंजिनाचा संगणक तो आवाज ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. मात्र या मागे घेण्यालाही मर्यादा असते. आमची गाडी ती मर्यादा ओलांडून गेली होती.

या संगणकात आकड्यांचे तक्ते असतात. एवढे फेरे आणि एवढा भार असताना ठिणगी केव्हा, इंधन किती, दाब किती, हे त्यात लिहिलेले असते. यालाच मॅप म्हणतात. तो बदलण्याच्या पद्धती मुख्यतः चार.

पहिली पद्धत ट्यूनिंग बॉक्सची. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या आणि संगणकाच्या मध्ये एक डबी बसवायची. खरा दाब जास्त असताना डबी संगणकाला तो कमी सांगते आणि संगणक बिचारा आणखी दाब मागतो. डबी दहा मिनिटांत काढता येते, हा तिचा मोठा गुण. पण जो संगणक इंजिनाचे रक्षण करतो त्यालाच खोटे सांगून काम चालवायचे, ही कल्पना मला पटत नाही. वैद्याला खोटा ताप सांगून औषध मागण्यातला हा प्रकार आहे.

दुसरी तयार मॅपची. दुकानदाराजवळ त्या मॉडेलची फाइल असते. ती भरायची आणि जायचे. तिसरी पद्धत खास त्याच गाडीसाठी मॅप बसवण्याची. गाडी डायनॅमोमीटरच्या रुळांवर बांधून पूर्ण भार द्यायचा; हवेचे तापमान, हवा-इंधनाचे प्रमाण, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, प्रत्येक सिलिंडरची मागे घेतलेली ठिणगी हे सर्व नोंदवायचे आणि थोडे थोडे बदलत जायचे. हेच काम रस्त्यावर गाडी पळवून, नोंदी दूरच्या तज्ज्ञाला पाठवूनही करतात. चौथी पद्धत मूळ संगणक काढून पूर्ण नवा बसवण्याची. ती शर्यतीच्या मैदानावरच्या गाडीसाठी योग्य. रोजच्या गाडीच्या बाबतीत ती म्हणजे उंदरासाठी घर जाळणे.

आता दादाच्या गाडीचे काय चुकले ते पाहू. तयार मॅप वाईटच असतो असे नाही. पण तो दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या पेट्रोलवर बसवलेला असतो. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी किमान ९१ धरलेला असे; ९५ चे महाग पेट्रोल निवडक पंपांवर मिळे; १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरमध्ये आणले, तेही थोड्या शहरांत. पुण्याला उत्तम पेट्रोलवर सुरेख चालणारी गाडी अंकोल्याच्या वाटेवर मिळेल ते पेट्रोल पिते. त्यात आता वीस टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते हे खरे, पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात तेथे या मिश्रणाला सुमारे १३.५ च पुरतात. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. जुन्या मॅपवर इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला काम करीत असतील, तर पूर्ण भारावर इंधन कमी पडते आणि उष्णता वाढते.

दुसरे कारण आपल्या गावचे. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे सात टक्के कमी. इंजिनाला एकूण दोन बार दाब हवा असेल तर समुद्रकाठी टर्बोला हवा १.९७ पट दाबावी लागते, येथे २.१३ पट. टर्बो ही उणीव भरून काढतो, पण त्यासाठी जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापवतो. घाट चढताना ही वजाबाकी प्रत्येक वळणावर बदलते.

तिसरे कारण सर्वांत लाजिरवाणे. इंटरकूलरच्या रबरी नळीला बारीक चीर होती. दाबलेली हवा थोडी बाहेर जात होती आणि ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो आणखी राबत होता. मूळ मॅपमध्ये हा दोष झाकला गेला होता. वाढवलेल्या मॅपने तो उघडा पाडला. दुकानदार म्हणाला, "तुमच्या गाडीतच दोष होता." ते अर्धे खरे होते. पण तो दोष फाइल भरण्यापूर्वी कोणी पाहायचा? त्याने पाहिला नाही, दादाने विचारले नाही आणि मी, जो मेकॅनिकलचा, त्याला तो सुचलाही नाही.

तुटलेला पिस्टन घेऊन मी हुबळीतल्या एका डिझेल पंपाच्या दुकानात गेलो होतो. तिथले वयस्क मेस्त्री चाळीस वर्षे लॉरीचे पंप दुरुस्त करीत आले आहेत. आपले शहर लॉऱ्यांचे. पूर्वी घाटात माल ओढताना ताकद पुरावी म्हणून ड्रायव्हर पंप 'वाढवून' मागत. स्क्रू फिरवला की डिझेल जास्त, ताकद जास्त आणि मागे काळा धूर. मी मेस्त्रींना विचारले, "मामा, तुम्ही पंप वाढवून देत होता का?" ते म्हणाले, "देत होतो की. पण ह्याच्यावर चढवल्याशिवाय नाही." त्यांनी टेस्ट बेंचकडे बोट दाखवले. बेंचवर पंप फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरचे डिझेल वेगळ्या काचेच्या नळीत पडते. ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक नळीत किती पडले ते डोळ्यांनी दिसते. चार नळ्यांत चार पातळ्या असतील तर आधी त्या सारख्या करायच्या. वाढवण्याची गोष्ट नंतर. ते कन्नडमध्ये म्हणाले, "मोदलु अळे, आमेले तिरुगिसु." आधी मोज, मग फिरव. मेस्त्री शाळेत फार शिकलेले नाहीत. मी मात्र परीक्षेत या विषयात पहिला वर्ग मिळवला होता.

येथे एक कबुली द्यावीच लागेल. आमच्या प्रयोगशाळेत इंजिनाला डायनॅमोमीटर जोडलेला आहे. त्यावर भार वाढवत नेऊन ताकद आणि इंधनाचा खप मोजण्याचा प्रयोग प्रत्येकाने करायचा असतो. मी तो कसा केला? गतवर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल मिळवले, त्यातले आकडे शेवटचा अंक बदलून उतरवले आणि आलेख गुळगुळीत काढला. प्राध्यापक महाशयांनी सही केली. तेव्हा मी दादाला जो सल्ला दिला त्यात आश्चर्य ते काय? दुसऱ्याच्या इंजिनाचे आकडे आपल्या वहीत उतरवणे आणि दुसऱ्याच्या इंजिनाचा मॅप आपल्या गाडीत भरणे, या एकाच सवयीच्या दोन पायऱ्या आहेत. वहीत चूक झाली तर गुण जातात. गाडीत झाली तेव्हा आत्याचे छप्पर गेले.

यावर काही मित्र म्हणतील, "हजारो गाड्यांत तयार मॅप भरतात, त्यांना काही होत नाही. कंपन्याच इंजिन मुद्दाम दाबून ठेवतात." यात तथ्य आहे. पुण्याजवळच्या रांजणगावला तयार झालेल्या फियाटच्या गाड्यांचे उदाहरण घ्या. लिनिया टी-जेटमध्ये १३६८ सीसीच्या टर्बो इंजिनातून ११४ अश्वशक्ती मिळत. २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत तेवढ्याच सीसीच्या टी-जेट इंजिनातून १४५. आता या गाड्या बनत नाहीत, पण त्यांच्या चाहत्यांना हे आकडे पाठ आहेत. त्यावरून "आकडेच तर बदलायचे" असे अनुमान काढणे सोपे आहे. पण ज्या कंपनीने आकडे वाढवले तिने गाडी खाली बसवली आणि साध्या पुंटोच्या मागच्या चाकांना ड्रम असताना अबार्थच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. कंपनी जी ताकद राखून ठेवते ती चोरून ठेवलेली नसते. वाईट पेट्रोल, मे महिन्याचे ऊन, घाट, जुनी नळी आणि विसराळू मालक यांच्यासाठी ठेवलेली ती शिल्लक असते. शिल्लक खर्च करायला हरकत नाही. पण किती उरली आहे हे पासबुक पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. गाडी रुळांवर बांधून खास मॅप करून घेणे तयार मॅपपेक्षा बरेच महाग पडते आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. मान्य. मग रस्त्यावर नोंदी घेऊन का करू नये? त्यात ज्ञान तेच असते, पण पूर्ण भाराच्या नोंदीसाठी गाडी पूर्ण दाबून पळवावी लागते. कुठे पळवणार? आपल्या बायपासवर? वर्षानुवर्षे दुपदरी राहिलेल्या या रस्त्यावर २०२१ च्या जानेवारीत इटिगट्टीजवळ, गोव्याला निघालेल्या दावणगेरेच्या मैत्रिणींचा जो अपघात झाला तो आपण विसरलेलो नाही. तो ट्यूनिंगमुळे झाला नव्हता. पण त्या रस्त्यावर लोक किती कमी अंतर राखून जगतात, हे त्यातून दिसले. ज्याला पूर्ण ताकद मोजायची आहे त्याने ती भिंतींच्या आत मोजावी.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मॅप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कोणाला कळणार नाही असे लोक समजतात. पण धुराचे प्रमाण त्याने बदलते, आणि विमा हा तर परस्पर विश्वासाचा करार आहे. जे विमा कंपनीपासून लपवावे लागते ते अपघाताच्या दिवशी वर येते.

तेव्हा माझे मत असे. गाडी केवळ रस्त्यावर चालवायची असेल तर मूळ मॅप राहू द्यावा. आज चाकणला तयार होणाऱ्या दीड लिटरच्या टर्बो गाड्या मुळातच १५० अश्वशक्ती देतात. घाटात लॉरी ओलांडायला त्याहून जास्त कशाला हवी? ज्याला खरोखर मैदानावर उतरायचे आहे, कोइमतूरला किंवा श्रीपेरुंबुदूरच्या चक्राकार मार्गावर, त्याने ट्यूनिंग जरूर करावे. पण आधी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे, नळ्यांतून धूर सोडून गळती शोधावी, इंजेक्टर आणि प्लग तपासावेत. मग आपल्या वाटेवरच्या सर्वांत वाईट पंपाचे पेट्रोल भरून गाडी रुळांवर चढवावी. मूळ मॅपचे मोजमाप आधी घ्यावे, म्हणजे नंतरच्या आकड्याला अर्थ राहील. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही. शेवटी नोंदींचा कागद मागून घ्यावा. जो ट्यूनर नुसती अश्वशक्ती सांगतो आणि नोंदी दाखवत नाही, त्याला नमस्कार करून परत यावे. पद्धत कोणती, या प्रश्नाच्या आधी कोण मोजतो हा प्रश्न आहे.

आणखी एक विनंती आमच्या विभागाला. डायनॅमोमीटरचा प्रयोग यापुढे गटाने एकदा करून सर्वांनी उतरवायचा असा ठेवू नये. आठवड्यातून एक दुपार प्रयोगशाळा उघडी ठेवा; प्रत्येकाला इंजिनावर स्वतः भार वाढवू द्या, वाकडेतिकडे आकडे येऊ द्या आणि वाकड्या आलेखाला गुण द्या. गुळगुळीत आलेखावर सही करण्याची आपली रीत बंद झाली तर आमच्यातला एखादा तरी उद्या कोणाला विचारपूर्वक सल्ला देईल.

दादाची गाडी आज मूळ मॅपवर चालते. गेल्या उन्हाळ्यात त्याने आत्याचे छप्पर बांधून घेतले. जुनी कौले उतरवायला मीही शिडीवर होतो. त्या आधी गवंड्याने वाशांची लांबी तीनदा मोजली. दादा खालून ओरडला, "अहो, किती वेळा मोजताय?" मी काही बोललो नाही.